पुण्याच्या नावाची डिव्हिजन

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की उतारू वडे घेण्यात गुंततात आणि तेवढ्या वेळात गाडीच्या शेपटाला इंजिने येऊन लागतात. रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात. सदतीस फुटांमागे एक फूट अशी बोरघाटाची चढण आहे. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या बळावर ती चढवत नाही. मागून रेटा देत ही इंजिने गाडी वर नेतात आणि घाट संपला की सुटून परत खाली येतात. ती लागली कधी आणि सुटली कधी, हे गाडीतल्या बहुतेकांना कळतही नाही.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या जुन्या लष्करी रस्त्याच्या खुणा पाहत मी खालापूर तालुक्यात हिंडत होतो. एका गावात पाणी प्यायला ओटीवर टेकलो. घरातले ऐंशी ओलांडलेले आजोबा बोलके होते. रस्त्याचा विषय निघाला, रस्त्यावरून पलटणींचा निघाला, आणि ते म्हणाले, "आमचा धाकटा आजा बसऱ्याला गेला होता. तो तिकडंच राहिला."

मी विचारले, "कुठल्या पलटणीत होते?"

"पलटण कसली! बंदूक नव्हती त्याच्या हातात. ओझी उचलायचा." मग थोड्या वेळाने, "लढला असता तर गोष्ट निराळी होती."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. शंभर वर्षे एका घराने आपल्या मेलेल्या माणसाबद्दल एवढेच जपून ठेवले होते, की तो लढला नव्हता. मी इतिहासाची पदवी घेतलेला माणूस नाही. पण एखादा आकडा किंवा एखादे वाक्य मागे लागले की त्याचा पाठपुरावा करायची सवय आहे. त्या पाठपुराव्यात मी ज्या फौजेपर्यंत पोहोचलो, तिच्या नावातच पुणे होते. ब्रिटिशांच्या हिंदी लष्करातली ती सहावी डिव्हिजन, पूना डिव्हिजन. तिची बांधणी कशी होती, तिला कुठे पाठवले आणि ती कशी मोडली, हे नीट पाहिले तर "लढला नाही" या शब्दांचा अर्थ बदलतो, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

घाट आणि छावणी

मुंबई बंदर आणि पुण्याची छावणी यांना जोडणारी वाट कर्जत-खालापुरातून जाते. खालापूर त्या काळी कर्जत तालुक्याचाच पेटा होता आणि जिल्हा कुलाबा. (१९८१ साली त्याचे रायगड झाले.) या वाटेचे लष्करी महत्त्व इंग्रजांच्या ध्यानात लवकर आले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात, १८०४ साली, जनरल वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, पनवेलपासून घाट चढून पुण्याकडे जाणारा रस्ता तोफांसाठी करवून घेतला. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात तो गाडीरस्ता झाला. पुढे रेल्वे आली. १८५६ मध्ये ती कल्याणकडून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा भाग सुरू झाला. मधला घाट मात्र उतारू पालखीत बसून किंवा टट्टूवरून ओलांडत. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला. या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते.

पुढच्या साऱ्या कथेत एक गोष्ट लक्षात ठेवायची. पुण्याच्या फौजेच्या पाठीशी हा लोहमार्ग होता. दाणा, दारूगोळा, औषधे, ताजी माणसे हे सगळे त्यावरून येई आणि जखमी त्यावरून परत जात. ज्यांनी ही फौज बांधली त्यांनी हे सगळे गृहीतच धरले होते.

डिव्हिजन म्हणजे काय

लॉर्ड किचनेर १९०२ मध्ये हिंदुस्थानचे सरसेनापती झाले आणि त्यांनी मद्रास, मुंबई, बंगाल अशा जुन्या वाटण्या मोडून लष्कराची नवी रचना केली. १९०३ मध्ये पलटणींना नवे क्रमांक मिळाले. मुंबई लष्कराच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवण्यात आले. तिसरी मुंबई पलटण १०३ वी झाली, दहावी ११० वी झाली आणि सतरावी ११७ वी. या तिन्ही मराठा पलटणी. पुणे हे सहाव्या डिव्हिजनचे मुख्य ठाणे ठरले.

डिव्हिजन ही लष्करातली स्वतःच्या पायावर उभी राहू शकणारी सर्वांत लहान फौज. पलटण फक्त लढते. डिव्हिजन लढते, खाते, चालते, पूल बांधते, जखमी उचलते, पत्रे पोचवते. पूना डिव्हिजनमध्ये तीन ब्रिगेडी होत्या, १६ वी, १७ वी आणि १८ वी. प्रत्येकीत चार पायदळ पलटणी, त्यांतली एक गोरी आणि तीन हिंदी. अठराशे सत्तावन्ननंतर पडलेली ही वहिवाट. शेजारी नेहमी एक गोरी पलटण हवी आणि मैदानी तोफखाना गोऱ्यांच्या हातात हवा.

१६ व्या ब्रिगेडमध्ये डॉर्सेटशायरची दुसरी पलटण, २० वी पंजाबी, १०४ वी वेलस्लीज रायफल्स आणि ११७ वी मराठा. १७ व्या ब्रिगेडमध्ये ऑक्सफर्डशायर-बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, १०३ वी मराठा, ११९ वी मुलतान आणि २२ वी पंजाबी. १८ व्या ब्रिगेडमध्ये नॉरफोकची दुसरी पलटण, ७ वी राजपूत, ११० वी मराठा आणि १२० वी राजपुताना. १०४ व्या पलटणीच्या नावातला वेलस्ली म्हणजे आपल्या घाटात तोफांसाठी रस्ता करवून घेणारा तोच.

या यादीकडे पुण्याच्या अभिमानाने पाहणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो. बारा पलटणींत मराठा पलटणी तीन, प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक. बाकीचे पंजाबी, राजपूत आणि इंग्लंडच्या परगण्यांतले गोरे. मराठा म्हटल्या जाणाऱ्या पलटणींतही कोकणी मराठे, घाटावरचे मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा जातवार कंपन्या असत. महारांना तर या रचनेत जागाच नव्हती. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई लष्करात लढलेल्या या समाजाची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जातीं'च्या सिद्धान्तापायी बंद झाली होती. ती दारे १९१७ साली, माणसे कमी पडू लागल्यावर, १११ वी महार पलटण काढून उघडली गेली आणि १९२१ मध्ये पुन्हा लावून घेतली गेली.

हिंदी पलटण साधारण साडेसातशे माणसांची. तेरा इंग्रज अधिकारी, सतरा हिंदी अधिकारी म्हणजे सुभेदार आणि जमादार, बाकी हवालदार, नाईक आणि शिपाई. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये, आणि शांततेच्या काळात पोटाची सोय त्यातूनच करायची. पलटणींखेरीज तोफखाना, ३३ वे घोडदळ, रस्ते करणारी ४८ वी पायोनिअर, खडकीच्या सफरमैना पलटणीच्या १७ आणि २२ क्रमांकाच्या कंपन्या, तारायंत्रवाले, दवाखाने.

आणि या सगळ्यांच्या मागे ज्यांना लष्करी कागदांत 'फॉलोअर' म्हटले आहे ते लोक. पखालीने पाणी वाहणारे भिस्ती, डोलीवाले, खेचरे हाकणारे, आचारी, मोची, धोबी, भंगी, हमाल. यांच्या हाती शस्त्र नाही, पगार शिपायाहून कमी, आणि नावे लढाईच्या वृत्तान्तात कधी येत नाहीत. पण यांतला एक वर्ग दोन दिवस जागेवर नसला तर बारा पलटणी जागेवरून हलू शकणार नाहीत.

नदीवर पाठवलेली डोंगरी फौज

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी १६ वी ब्रिगेड जनरल डेलामेन यांच्या हाताखाली मुंबईहून निघाली. कुठे चाललो, हे शिपायांना सांगितलेले नव्हते. ती आधी बहारीनला जाऊन थांबली. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानाशी युद्ध पुकारले आणि ६ तारखेला ही ब्रिगेड इराकच्या दक्षिण टोकाला, फाओला उतरली. मागोमाग जनरल सर आर्थर बॅरेट उरलेली डिव्हिजन घेऊन आले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसरा पडले, डिसेंबरात कुर्ना. इराणच्या तेलाची आणि खाडीची राखण एवढेच मूळचे काम होते. ते इथे पुरे झाले होते.

एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत तुर्कांचा उलटा हल्ला मोडला. ११० वी आणि ११७ वी या दोन्ही मराठा पलटणी तिथे होत्या. त्याच महिन्यात डिव्हिजनची सूत्रे मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांच्याकडे आली. मे अखेरीस, पुराच्या पाण्यातून, बेलम नावाच्या उथळ देशी होड्यांत बसून ही फौज कुर्नाच्या पुढे गेली आणि ३ जूनला अमारा हाती आले. सप्टेंबर अखेरीस कुत-अल-अमारा. प्रत्येक विजयानंतर बसरा आणखी लांब पडत होते.

घाटाखालच्या माणसाला इथे एक साधा प्रश्न पडतो. मागे काय होते? बसऱ्यापासून बगदादपर्यंत नदीने सुमारे पाचशे मैल, आणि फौजेच्या पाठीशी लोहमार्ग नाही, पक्का रस्ता नाही. होती ती तिग्रीस नदी, वेड्यावाकड्या वळणांची आणि उन्हाळ्यानंतर उथळ होणारी. तिच्यावर चालणाऱ्या आगबोटी मोजक्या. पूना डिव्हिजन तयार झाली होती ती सरहद्दीच्या डोंगरांत खेचरांवर सामान लादून जाण्यासाठी, पाठीमागे रेल्वे असताना. तिला नदीच्या देशात पाठवले आणि पुरेशा बोटी दिल्याच नाहीत. बोटींची मागणी झाली, कागद सिमला-लंडन-मुंबई फिरले. बोटी येण्याआधी पुढे जाण्याचा हुकूम आला. टाउनशेंड यांनी स्वतः शंका मांडली होती, पण वरचे सेनापती जनरल निक्सन आणि त्यांच्यावरचे सरकार यांना बगदाद दिसत होते.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून वीसेक मैलांवर टेसिफोनला लढाई झाली. तुर्कांची पहिली फळी घेतली गेली, पण डिव्हिजनचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. फौजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. एवढ्या जखमींची सोय कोणी केलेलीच नव्हती. डोल्या आणि डोलीवाले तोकडे पडले, म्हणून मोडलेल्या मांड्यांची आणि फाटलेल्या पोटांची माणसे स्प्रिंग नसलेल्या लष्करी खेचरगाड्यांत घालून मैलोन्‌मैल नदीपर्यंत नेली. तिथून बोटीने बसऱ्याला. 'मेजिदिए' ही बोट शेकडो जखमी घेऊन बसऱ्याला लागली, तेव्हा तिच्या कडांवरून लोंबणारे दोर लांबून दिसले. ते दोर नव्हते, वाळलेली विष्ठा होती. हे मेजर मार्कहॅम कार्टर या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरने लिहून ठेवले. वरिष्ठांनी त्यालाच गप्प बसवण्याचा प्रयत्न केला.

टेसिफोनचा पराभव सैन्य कमी असल्याने झाला, असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. मला वाटते, सैन्याआधी बोटी, डोल्या आणि त्या वाहणारे हात कमी पडले.

वेढ्यातला शिधा

माघार घेत डिव्हिजन ३ डिसेंबरला कुतला आली. नदीच्या वळणात तीन बाजूंनी पाणी असलेला हा गाव. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. आत पूना डिव्हिजन, तिच्याबरोबर आलेली ३० वी ब्रिगेड, साडेतीन हजारांच्या आसपास फॉलोअर आणि गावातले सुमारे सहा हजार रहिवासी. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तुर्कांनी किल्ल्याची भिंत फोडून आत घुसण्याचा प्रयत्न केला. १०३ वी मराठा आणि ऑक्सफर्डशायरचे गोरे यांनी खांद्याला खांदा लावून तो परतवला. त्यानंतर तुर्कांनी मोठा हल्ला फारसा केला नाही. ते वाट पाहत बसले.

कुतच्या वेढ्याची सर्वांत शिकवणारी गोष्ट मला तोफांत सापडली नाही, शिध्यात सापडली. लष्करात गोऱ्याचा शिधा वेगळा आणि हिंदी शिपायाचा वेगळा. गोऱ्याला मैद्याचा पांढरा पाव आणि मांस, हिंदी माणसाला कोंड्यासकट दळलेली कणीक, डाळ, तूप. वेढ्याच्या पहिल्या काही आठवड्यांत गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली. पाय सुजू लागले, हृदय दगा देऊ लागले. हिंदी शिपायांना ती झाली नाही. मैदा संपला आणि गोऱ्यांनाही कोंड्याचे जाडे पीठ मिळू लागले, तेव्हा त्यांची बेरीबेरी हटली. उलट हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजून रक्ताळल्या, जुन्या जखमा उकलल्या. गोरे घोड्याचे ताजे मांस खात होते, त्यामुळे ते तिच्यापासून पुष्कळसे वाचले. 'व्हिटॅमिन' हा शब्द जन्मून तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती. एका गावात, एकाच वेढ्यात, दोन प्रकारचे शिधे आणि दोन वेगळे रोग. कुतमधले मुख्य डॉक्टर कर्नल पॅट्रिक हेहीर यांच्या नोंदींमुळे आहारशास्त्राच्या पुस्तकांत या वेढ्याला कायमची जागा मिळाली.

हिंदी शिपाई घोडा खात नव्हता, यावरून पुष्कळ इंग्रज लेखकांनी त्याच्या सोवळेपणावर बोट ठेवले आहे. टाउनशेंड यांनी बिनतारी संदेशांनी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगीही मागवली होती. पण शिपायाच्या बाजूने पाहा. इथून सुटून गावी गेलो तर पंगतीत कोण बसू देईल, पोरींची लग्ने कुठे होतील, हा विचार त्याच्या मनात होता. तो गावी परतण्याचा हिशेब करत होता. आशा सुटली नव्हती, म्हणूनच तो उपाशी राहत होता. एप्रिलमध्ये, भाकरीचे पीठ दिवसाला चार-पाच औंसांवर आल्यावर, हजारो जणांनी अखेर ते मांस खाल्ले. तोवर अनेकांच्या अंगात ते पचवण्याचे बळही उरले नव्हते.

बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक मेले किंवा जखमी झाले. त्या फौजेत नॉरफोक आणि डॉर्सेटच्या नव्या भरतीची मिळून एक जोडपलटण केली होती. तिला शिपाई 'नॉरसेट' म्हणत. एप्रिलच्या मध्यापासून विमानांतून पीठ टाकले गेले. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न देण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. दोन आठवड्यांत सुमारे सतरा हजार पौंड पडले आणि त्यातलेही काही नदीत. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन धान्य भरलेली 'जुलनार' ही बोट तुर्कांच्या पहाऱ्यातून घुसवण्याचा प्रयत्न झाला. ती वाटेतच अडकली. २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनी, टाउनशेंड खलील पाशाला शरण गेले.

तेरा हजार तीनशे नऊ

शरण गेलेल्यांचा तक्ता सरकारी कागदांत आहे. इंग्रज अधिकारी २७७. हिंदी अधिकारी २०४. गोरे शिपाई २,५९२. हिंदी शिपाई ६,९८८. आणि शेवटच्या ओळीत फॉलोअर ३,२४८. बेरीज १३,३०९.

हा तक्ता मी वहीत उतरवून घेतला तेव्हा शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली. तेरा हजारांत सव्वातीन हजार, म्हणजे चौघांत एक. हे लोक टेसिफोनपर्यंत चालले होते, माघारीत चालले होते, वेढ्यात त्यांनी तोफगोळ्यांखाली नदीवरून पाणी आणले, खंदकांतून जखमी उचलले, मुडदे पुरले. बंदूक हातात नव्हती म्हणून गोळी त्यांना वगळून जात नव्हती, आणि भूक तर नाहीच नाही.

पुढचा भाग सांगणे अवघड आहे. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला आणि युद्ध संपेपर्यंत ते तिथे आरामात राहिले. अधिकाऱ्यांना वेगळे काढले. उरलेल्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर, फाटक्या बुटांनी किंवा अनवाणी, बगदाद, मोसुल आणि तिथून रास-अल-ऐनपर्यंत वाळवंटातून चालवत नेले. मागून येणाऱ्या जनरल मेलिस यांना वाटेवर, भिंतींच्या आडोशाला, मरायला टाकलेली माणसे दिसत गेली. रास-अल-ऐन हे बगदाद रेल्वेचे तेव्हाचे टोक. कैद्यांना त्या रेल्वेच्या कामाला लावले. हिंदी कैदी मुख्यतः रास-अल-ऐनला, गोऱ्यांपैकी अनेक जण पश्चिमेकडच्या अमानुस डोंगरातल्या बोगद्यांवर. मुंबईकडे येताना ज्यांच्या गाड्या बोरघाटाच्या बोगद्यांतून उतरल्या असतील, ती माणसे दोन वर्षांनी परक्या डोंगरांत खडक फोडत होती.

गोऱ्या शिपायांपैकी सुमारे साडेसतराशे, म्हणजे शंभरातले जवळजवळ सत्तर, कैदेत मेले. हिंदी शिपाई आणि फॉलोअर मिळून तीन हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा त्यांचा पत्ताच लागला नाही. 'मेला' आणि 'पत्ता लागला नाही' यांत लष्कराच्या दृष्टीने फक्त रकाना बदलतो. घरात बायकोने कुंकू ठेवायचे की पुसायचे, हा प्रश्न त्या दुसऱ्या रकान्यात उरतो.

बंगालीत या कैदेच्या आठवणी आहेत. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी कुतमध्ये पकडले गेले, रास-अल-ऐनला राहिले आणि परत येऊन त्यांनी 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिले. तेही शिपाई नव्हते. जखमी उचलणारे होते. या डिव्हिजनमधल्या खालच्या माणसाच्या नजरेतून आपल्याला जे दिसते, त्यातले पुष्कळसे अशा न लढलेल्या माणसाने लिहिलेले आहे.

काय बदलले

कुतनंतर लंडनमध्ये चौकशी नेमली गेली. १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालाने बोटी, दवाखाने आणि शिधा यांच्या हलगर्जीपणावर कडक ताशेरे ओढले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही घोषणा असते. तिच्या मागे उभा असलेला कुतचा ढिसाळपणा सहसा नसतो.

फौजेतही बदल झाले. बसऱ्याला धक्के बांधले, बोटी आणल्या, लोहमार्ग टाकले. हिंदी शिपायाच्या शिध्यात सुधारणा झाली आणि १९१७ पासून शांततेच्या काळातही त्याला शिधा फुकट मिळू लागला. या सगळ्यासाठी लाखो माणसे लागली. युद्धकाळात हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात पावणेसात लाखांच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास बिनलढाऊ होती. तुरुंगांतले कैदीसुद्धा मजूर म्हणून नेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले ते जनरल मॉड यांच्या नावावर. पण पंधरा महिन्यांपूर्वी जी गोष्ट जमली नाही ती आता जमली, याचे कारण मागचा रेटा या वेळी पुरेसा होता.

पूना डिव्हिजन त्या युद्धात पुन्हा उभी राहिली नाही. तिच्या मराठा पलटणी मात्र नव्या भरतीने उभ्या राहिल्या. १९२२ मध्ये मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट झाली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली. आजची जंगी पलटण ती हीच. ११० वीचा वारसा आज पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनकडे आहे. बसरा, शैबा, टेसिफोन, कुतचा बचाव ही रणसन्मानांची नावे या पलटणी अभिमानाने मिरवतात, आणि तो अभिमान खराच आहे. मात्र रणसन्मान पलटणीला मिळतो. पखालीला तो मिळत नाही.

नाव आणि आकडा

कोकणात आणि घाटावर अनेक गावांच्या चावडीत किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी असते. सगळ्यांचा साचा एकच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले. दोन आकडे, नाव एकही नाही. बसऱ्याला १९२९ मध्ये उभारलेल्या मोठ्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथेही तीच रीत. गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, हिंदी शिपाई आणि त्याखालच्या माणसांचे पलटणीगणिक फक्त आकडे. १९९७ मध्ये इराक सरकारने ते स्मारक बसऱ्याबाहेर वाळवंटात हलवले. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीच्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली.

दगडावर नसलेली बरीच नावे आता आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अनेक नोंदींत माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. गावांची नावे इंग्रज कारकुनाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. मोठ्याने उच्चारून पाहिली की उलगडतात. 'कोलाबा' असे लिहून शोधायला सुरुवात करावी. आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या मुलांनी तालुक्यागणिक हे काम घेतले, तर एका पावसाळ्यात पाट्यांवरच्या आकड्यांना नावे मिळू लागतील.

मागच्या वर्षी मी तो वहीतला तक्ता घेऊन पुन्हा त्या आजोबांकडे गेलो. कान आता कमी झाले होते. त्यांच्या नातवाने तक्ता मोठ्याने वाचला. शेवटची ओळ मी त्याला दोनदा वाचायला सांगितली आणि फॉलोअर म्हणजे कोण, ते समजावले: पाणी आणणारे, डोली उचलणारे, ओझी वाहणारे. ते नसते तर वरच्या चारही ओळींतली माणसे टेसिफोनपर्यंत पोहोचलीच नसती.

आजोबा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग नातवाला म्हणाले, "धाकट्या आजाचं नाव लिहून दे यांना. बापाचं पण लिही."

त्याने लिहून दिले. ते नाव मी शोधतो आहे.